व्हर्च्युअल सर्व्हर होस्टवरून उघडतो, बाकी कुठूनच नाही (उबुंटू, केव्हीएम)

पुस्तकवाली

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमची पुस्तकं, सभासद, देवघेव, सगळं 'कोहा' या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे. कोहा चालतं एका व्हर्च्युअल मशीनवर (डेबियन १२), आणि ते मशीन उबुंटू २२.०४ असलेल्या एका डेस्कटॉपवर (तोच आमचा होस्ट) केव्हीएम-लिबव्हर्टने उभं केलंय. व्हर्च्युअल मशीन लॅनला जोडणारा ब्रिज आहे, नाव बीआर०. होस्टचा पत्ता १९२.१६८.१.१०, व्हर्च्युअल मशीनचा १९२.१६८.१.५०, राउटर १९२.१६८.१.१. सगळे पत्ते हाताने दिलेले, डीएचसीपी नाही.

परवा पावसात लाइट गेली आणि यूपीएसही उतरला. लाइट आल्यावर होस्ट चालू केला, व्हर्च्युअल मशीनही आपोआप सुरू झालं. पण देवघेवीच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून कोहा उघडेना. पिंग जात नाही, एसएसएच नाही. वाचनकक्षातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर तेच. होस्टवर बसून ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला की पान लगेच उघडतं!

केबल बदलून पाहिली, स्विच बंद-चालू केला, व्हर्च्युअल मशीनही रीस्टार्ट केलं. आता काउंटरवर वहीत नोंदी चालल्यात आणि सभासद रांगेत उभे राहतायत. मशीन नव्याने बनवावं लागेल का? डेटा तीस हजारांवर पुस्तकांचा आहे, म्हणून हात लावायला भीती वाटते.

पायवाट

ताई, नव्याने काहीही बनवू नका. होस्टवरून पान उघडतंय याचा अर्थ कोहा ठीक, डेटाबेस ठीक, डेबियन ठीक. बिघाड आहे तो होस्टचं नेटवर्क कार्ड आणि व्हर्च्युअल मशीन यांच्या मधल्या वाटेवर. ती वाट फार लांब नसते, पॅकेट नेमकं कुठे अडतं ते शोधता येतं.

आधी एवढं सांगा:
व्हर्च्युअल मशीनच्या आतून होस्टला पिंग जातं का? राउटरला जातं का?
होस्टवर 'यूएफडब्ल्यू स्टेटस' (उबुंटूची फायरवॉल) काय म्हणतंय?
काउंटरच्या कॉम्प्युटरवरून ५०ला पिंग करून झाल्यावर लगेच 'एआरपी -ए' चालवा. १९२.१६८.१.५०च्या समोर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डची ओळख) दिसतो का?

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करायच्या.)

ढगफुटी

आमच्या ऑफिसात असंच झालं होतं. 'आयपीटेबल्स -एफ' मारा, सगळे नियम उडतील, मोकळं होईल.

पायवाट

ढगफुटी, कृपया हा सल्ला नको. आयपीटेबल्स म्हणजे कर्नलची फायरवॉल, तिचे नियम साखळ्यांत असतात. '-एफ'ने साखळीतले नियम पुसले जातात, पण साखळीची पॉलिसी (कुठलाच नियम लागू झाला नाही तर पॅकेटचं काय करायचं ते) तशीच राहते. पॉलिसी 'ड्रॉप' असेल तर नियम पुसल्यावर आधी जे चालू होतं तेही बंद पडतं. ताई होस्टसमोर बसल्यात म्हणून ठीक. एखाद्याने लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने आत शिरून हे केलं आणि तिथे 'इनपुट'ची पॉलिसी ड्रॉप असली, तर तो स्वतःच बाहेर पडेल आणि परत आत जाता येणार नाही. शिवाय नियम पुसले की नेमका कोणता नियम आडवा येत होता हा पुरावाही गेला. आधी बघायचं, मग हात लावायचा.

पुस्तकवाली

पाहिलं.

व्हर्च्युअल मशीनमधून होस्टला पिंग जातं, राउटरला जात नाही. पुस्तकाची मुदत संपल्याचे आठवणीचे मेलही परवापासून सभासदांना गेलेले नाहीत, हे आत्ता लक्षात आलं.
यूएफडब्ल्यू 'इनॲक्टिव्ह'.
एआरपीत ५०च्या समोर मॅक आहे, ५२:५४:००ने सुरू होणारा.

रात्रपाळी

५२:५४:०० म्हणजे तुमचंच व्हर्च्युअल मशीन. लिबव्हर्ट आपल्या मशीनना याच आकड्यांनी सुरू होणारे मॅक देतं. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या कॉम्प्युटरने ५० नंबर घेतलाय, ही शंका मिटली.

आणि यातून आणखी मोठी गोष्ट कळते. काउंटरवरून विचारलेला 'हा आयपी कुणाचा?' हा प्रश्न ब्रिज ओलांडून व्हर्च्युअल मशीनपर्यंत पोचतो, त्याचं उत्तरही परत येतं. केबल, स्विच, ब्रिज, व्हर्च्युअल कार्ड, सगळं जोडलेलं आहे. पत्ता विचारला तर मिळतोय, पत्र मात्र पोचत नाहीये. एआरपी, म्हणजे हा पत्त्याचा प्रश्न, जातं आणि आयपी अडतं, तेव्हा मध्ये फक्त आयपी तपासणारं कुणीतरी बसलेलं असतं.

पायवाट, तुमच्या मनात जे आहे तेच माझ्याही मनात आहे बहुतेक. ताई, त्या होस्टवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का?

पुस्तकवाली

हो, आहे. जुन्या दुर्मिळ पुस्तकांची पानं स्कॅन करून ठेवण्यासाठी एका स्वयंसेवकाने काही महिन्यांपूर्वी टाकून दिलं. पण तेव्हापासून परवापर्यंत दोन्ही व्यवस्थित चालू होतं. डॉकरचा याच्याशी संबंध कसा?

पायवाट

संबंध असू शकतो, पण अंदाजावर नको, डोळ्यांनी पाहू. होस्टवर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. एकात:

सुडो टीसीपीडंप -एनआय ईएनओ१ होस्ट १९२.१६८.१.५०

दुसऱ्यात:

सुडो टीसीपीडंप -एनआय व्हीनेट० होस्ट १९२.१६८.१.५०

ईएनओ१च्या जागी तुमच्या खऱ्या नेटवर्क कार्डचं नाव टाका, व्हीनेट० हे व्हर्च्युअल मशीनचं कार्ड. 'ब्रिज लिंक' ही कमांड दिली की ब्रिजला जोडलेल्या दोन्ही टोकांची नावं दिसतात. मग कुणाला तरी काउंटरवरून पिंग चालू ठेवायला सांगा आणि दोन्ही खिडक्यांत काय उमटतं ते लिहा.

पुस्तकवाली

ईएनओ१च्या खिडकीत दर सेकंदाला एक ओळ येते, 'इको रिक्वेस्ट'. उत्तराची ओळ एकही नाही.

व्हीनेट०च्या खिडकीत 'इको रिक्वेस्ट' एकदाही आली नाही. तिथे अधूनमधून फक्त 'हू-हॅज १९२.१६८.१.५०' आणि त्याखाली 'इज-ॲट ५२:५४:००' असं दिसतं.

रात्रपाळी

इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. पॅकेट होस्टच्या कार्डात शिरलं, व्हर्च्युअल मशीनच्या कार्डातून बाहेर पडलं नाही. म्हणजे होस्टच्या कर्नलनेच ते टाकून दिलं. व्हर्च्युअल मशीनच्या आत काहीही शोधायची गरज उरली नाही.

पायवाट

आता शेवटची तपासणी:

सुडो आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -व्ही -एन

पहिली ओळ वाचा. कंसात 'पॉलिसी ॲक्सेप्ट' आहे की 'पॉलिसी ड्रॉप', आणि त्यापुढे किती पॅकेट? पिंग चालू असताना तीच कमांड थोड्या थोड्या वेळाने परत द्या आणि आकडा वाढतो का बघा. सोबत हेही:

सिसकंट्रोल नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स

आणि 'व्हर्श नेट-लिस्ट --ऑल'.

पुस्तकवाली

पॉलिसी ड्रॉप. आकडा सारखा वाढतोय, काउंटरवरचं पिंग थांबवलं की मंदावतो.
सिसकंट्रोलचं उत्तर १.
नेट-लिस्टमध्ये 'डिफॉल्ट' नावाचं एकच नेटवर्क, इनॲक्टिव्ह, ऑटोस्टार्ट 'नो'. ब्रिज असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्या स्वयंसेवकाने मागे ते बंद केलं होतं.

पायवाट

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण पुढेमागे हा धागा दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

ब्रिज म्हणजे कर्नलमधला स्विच. त्यावरून जाणाऱ्या फ्रेम मॅक ॲड्रेस पाहून पुढे जातात, फायरवॉलशी त्यांचा संबंध यायचं काही कारण नाही. पण 'बीआर-नेटफिल्टर' (मधलं चिन्ह खरं तर अंडरस्कोअर आहे) नावाचं एक कर्नल मॉड्यूल आहे. ते लोड झालं की ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटसुद्धा आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीतून फिरवली जातात. लोड होताक्षणी ही सोय आपोआप १ असते, वर सिसकंट्रोलने दाखवला तोच १. तुमच्याकडचं डॉकर सुरू होताना हे मॉड्यूल चढवतं, कारण कंटेनरांच्या आपसातल्या रहदारीवर नियम लावायला ते लागतं. एआरपी हे आयपी नव्हे, म्हणून ते सुटलं.

दुसरा भाग पॉलिसीचा. डॉकरला कंटेनरसाठी कर्नलचं आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरचं पॅकेट दुसऱ्यावर पाठवणं) चालू असावं लागतं. ते बंद सापडलं तर डॉकर स्वतः चालू करतं आणि त्याच वेळी फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप करून टाकतं. २०१७च्या सुरुवातीला आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून हे असं आहे, आणि कारण रास्त आहे: आपण फॉरवर्डिंग उघडलं म्हणून या मशीनवरून कुणीही कुठेही जाऊ नये. फॉरवर्डिंग आधीपासूनच चालू असेल तर मात्र डॉकर पॉलिसीला हात लावत नाही.

आता तुमची गोष्ट जुळते. डॉकर टाकलं तेव्हा लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क, म्हणजे १९२.१६८.१२२.१ वालं नॅट (मशीनना होस्टच्या पत्त्याआडून बाहेर नेणारं), चालू होतं आणि त्याने फॉरवर्डिंग आधीच उघडलेलं होतं. डॉकरने पॉलिसी ॲक्सेप्टच ठेवली. पुढे डिफॉल्ट नेटवर्क बंद केलं, ज्यात चूक काही नाही, पण एकदा चालू झालेलं फॉरवर्डिंग होस्ट रीस्टार्ट होईपर्यंत तसंच राहिलं. परवा लाइट गेल्यामुळे होस्ट पहिल्यांदाच कोरा सुरू झाला. या वेळी फॉरवर्डिंग बंद सापडलं, डॉकरने ते उघडलं आणि पॉलिसी ड्रॉप झाली.

होस्टवरून पान का उघडतं? कारण होस्टने स्वतः पाठवलेलं पॅकेट आउटपुट साखळीतून जातं आणि त्याचं उत्तर इनपुटमधून येतं. फॉरवर्ड साखळी त्या वाटेवर येतच नाही.

हडपसर_लोकल

माझ्या मशीनवर डॉकर आणि केव्हीएम दोन्ही आहेत, ब्रिजही आहे, आणि कधीच अडलं नाही. का ते आज कळलं, माझं डिफॉल्ट नेटवर्क चालूच असतं! म्हणजे बूट होताना आधी लिबव्हर्ट उठलं की सगळं ठीक, आधी डॉकर उठलं की गेलं?

पायवाट

बरोबर. म्हणूनच हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि लोक उगाच केबलवर आणि स्विचवर पैसे घालवतात. तुमच्याकडेही कायमचा नियम घालून ठेवा, क्रमावर विसंबू नका.

रात्रपाळी

उपायाकडे येऊ. ताई, तात्पुरता उपाय म्हणून आत्ता एवढंच करा, म्हणजे रांग मोकळी होईल:

सुडो आयपीटेबल्स -आय डॉकर-यूजर -आय बीआर० -ओ बीआर० -जे ॲक्सेप्ट

साखळीचं नाव, म्हणजे डॉकर-यूजर, पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायचं. पहिला '-आय' मोठा (इन्सर्ट), दुसरा छोटा (इन इंटरफेस). अर्थ असा की बीआर०मधून येऊन बीआर०मधूनच जाणारं सगळं जाऊ द्या. दुसऱ्या कुठल्याही वाटेला हा नियम लागू होत नाही. डॉकर-यूजर ही साखळी डॉकरने तुमच्या-आमच्या नियमांसाठी मोकळी ठेवलेली आहे. डॉकर रीस्टार्ट झालं तरी तिच्यातलं तो पुसत नाही.

पुस्तकवाली

झालं!! पिंग चालूच ठेवलं होतं, एंटर दाबल्याबरोबर उत्तरं यायला लागली. काउंटरवर कोहा उघडलं. मुदतीचे मेलही सुटायला लागलेत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. वहीतल्या नोंदी आता चढवायला घेते.

हे पुन्हा लाइट गेली की टिकेल का?

रात्रपाळी

नाही टिकणार. होस्ट बंद झाला की नियम गेला. कायमचं करायला एक छोटं सिस्टमडी युनिट (बूटच्या वेळी कमांड आपोआप चालवणारी फाइल) लिहा. प्रकार 'वनशॉट', 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' दोन्हींत डॉकर.सर्व्हिस, 'एक्झेकस्टार्ट'मध्ये वरचीच कमांड, फक्त सुडो काढून आणि आयपीटेबल्सचा पूर्ण पाथ देऊन. मग 'सिस्टमसीटीएल इनेबल'. 'आफ्टर' विसरू नका, डॉकरने साखळी बनवण्याआधी नियम घालायला गेलात तर साखळीच नाही म्हणून कमांड नापास होते.

आयपीटेबल्स-पर्सिस्टंटने सगळे नियम साठवून ठेवायचा मोह होतो, पण त्यात डॉकरचे त्या क्षणीचे नियमही साठतात आणि पुढच्या बूटला जुने-नवे एकमेकांत मिसळतात. ते टाळा.

सांडगी_मिरची

मला हा उपाय मुळावर घाव घालणारा वाटत नाही. ब्रिजवरची रहदारी फायरवॉलमधून न्यायचीच कशाला? सरळ नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स शून्य करा. लिबव्हर्टची मंडळीही वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत. प्रत्येक पॅकेट विनाकारण साखळीतून फिरतं, तेही वाचेल.

रात्रपाळी

तत्त्वतः मान्य. निव्वळ व्हर्च्युअल मशीनचा होस्ट असता तर मीही तेच सांगितलं असतं. इथे डॉकर आहे, आणि ती किल्ली (सिसकंट्रोलची ती सेटिंग) शून्य केली की एकाच ब्रिजवरच्या कंटेनरांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारे नियम गळतात. उद्या कुणी याच होस्टवर कुबरनेटिस (अनेक कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर त्याचे बरेच नेटवर्क प्लगइन हीच किल्ली १ मागतात.

शिवाय यात एक खाच आहे. सिसकंट्रोल.डीमध्ये ओळ लिहून ठेवली तरी बूटच्या वेळी ती वाचली जाते तेव्हा मॉड्यूल अजून चढलेलंच नसतं. किल्लीच अस्तित्वात नसते, म्हणून ओळ वाया जाते. नंतर डॉकर मॉड्यूल चढवतं आणि किल्ली पुन्हा १. म्हणून मॉड्यूल्स-लोड.डीमध्ये त्या मॉड्यूलचं नाव लिहून ते आधी चढवावं लागतं, सिसकंट्रोलची पाळी त्यानंतर येते.

सांडगी_मिरची

हो, मॉड्यूल्स-लोडचं लिहायला हवं होतं, ते केल्याशिवाय हा उपाय अर्धवटच. कंटेनरांचा मुद्दाही पटला.

नाचणीसत्त्व

विषय जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. माझं उलटं आहे. लॅनवरच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून व्हर्च्युअल मशीन दिसतं, फक्त होस्टवरूनच दिसत नाही. डॉकर नाही.

पायवाट

व्हर्ट-मॅनेजरमध्ये नेटवर्कचा प्रकार 'मॅकव्हीटॅप' निवडलेला आहे ना? मग हा दोष नव्हे, मॅकव्हीटॅपची घडणच तशी आहे. व्हर्च्युअल मशीनचं पॅकेट थेट खऱ्या कार्डावर उतरतं, होस्टच्या नेटवर्कला ते दिसतच नाही. साधा स्विच ते आल्या पोर्टवरून परत पाठवत नाही. होस्टशी बोलायचं असेल तर खरा ब्रिज बनवा, किंवा लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कवर दुसरं व्हर्च्युअल कार्ड द्या. लॅपटॉपच्या वायफायवर ब्रिज बनवायला मात्र जाऊ नका. ॲक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी जोडलेल्या कार्डाचाच मॅक ओळखतो, मागच्या व्हर्च्युअल मशीनची पॅकेट तो घेत नाही. तिथे नॅटच वापरावं लागतं.

हडपसर_लोकल

आणखी एक भर घालतो, टीममध्ये यावर बरीच डोकेफोड झालेली आहे. एका उबुंटू मशीनच्या दोन क्लोन केल्या, दोन्हींचे मॅक वेगळे, तरी राउटर दोघींना एकच आयपी देत होता. कधी ही दिसायची, कधी ती. कारण 'मशीन-आयडी'. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला मॅकऐवजी त्या आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी उतरते. फाइल रिकामी करून रीस्टार्ट केलं की नवी बनते. क्लोन करण्याआधी 'व्हर्ट-सिसप्रेप' चालवलं तर ते एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही साफ करतं.

कळसूबाई

पुस्तकवाली ताई, माझी एक कळकळीची सूचना. नेटवर्क पूर्ण बंद असतानाही व्हर्च्युअल मशीनच्या आत जाता यावं, याची सोय आजच करून ठेवा. डेबियनच्या आत 'सिरियल-गेटी' ही सर्व्हिस टीटीवायएस०वर इनेबल करा. मग होस्टवरून 'व्हर्श कन्सोल' आणि मशीनचं नाव दिलं की थेट लॉगिन येतं, आयपीची गरजच नाही. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. आमच्या शाळेच्या सर्व्हरवर एकदा आतल्या नेटवर्कची फाइल बिघडली तेव्हा याच वाटेने ती दुरुस्त करता आली.

आणि बॅकअप होस्टच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असू द्या. कोहाचा रोजचा डंप त्याच मशीनच्या आत पडून असेल तर डिस्क गेल्यावर दोन्ही गेले.

पुस्तकवाली

सिस्टमडी युनिट लिहिलं आणि वाचनालय बंद झाल्यावर मुद्दाम होस्ट रीस्टार्ट करून पाहिला. नियम आपोआप लागला, काउंटरवरून कोहा उघडलं. पॉलिसी अजूनही ड्रॉपच दिसते, ती तशीच असू द्यायची ना?

कन्सोलचंही केलं, लॉगिन आलं. बॅकअपसाठी वेगळी डिस्क घ्यायला समितीला सांगितलंय.

आता एक विचारते. सभासद सारखे विचारतात की घरून पुस्तकांची यादी बघता येईल का. राउटरवर पोर्ट उघडलं की झालं का?

पायवाट

पॉलिसी ड्रॉपच राहू द्या, ती सुरक्षित आहे.

बाहेरून उघडायचं असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्या कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्याच्या मागे ठेवलंय आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरून कुणी पोचणार नाही. मग स्थिर पत्ता मागावा लागेल किंवा बाहेर एखादा छोटा सर्व्हर घेऊन वायरगार्डने (व्हीपीएन) जोडावं लागेल. आणि काहीही केलंत तरी फक्त वाचकांची यादी बाहेर द्या, तीही एचटीटीपीएसवरून. कर्मचाऱ्यांचं लॉगिन, जे बहुधा ८०८०वर असेल, ते वाचनालयाच्या आतच राहू द्या. त्यात सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत.

पुस्तकवाली

वॅनचा पत्ता १००.७ने सुरू होतोय, तीन आकडी दुसरा भाग नाही. कंपनीकडे स्थिर पत्त्याचा दर विचारते.

रात्रपाळी

पूर्ण दुसरा भाग बघा ताई. १००.७ म्हणजे नुसता ७ असेल तर तो त्या पट्ट्यात येत नाही, १००.७० असेल तर येतो.

पुस्तकवाली

१००.७२ आहे. म्हणजे सामायिकच. वायरगार्डसाठी वेगळा धागा काढते, तिथे या सगळे.